ओव्हनवरचा आळ

मी एक जुना ओव्हन आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला पाहिलं की लोकांची जीभ लगेच भंगाराकडे वळते. मी विजेवर चालतो. पुढे काचेचं दार, उजव्या अंगाला फिरवायची तीन बटणं, आत वर एक आणि खाली एक अशा तापणाऱ्या कांड्या. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू फार सोशिक असतात. फाटकी छत्री म्हणते, मला कोपऱ्यात टाकलं, पण तुम्ही सुखी राहा. मी त्यातला नाही. माझ्यावर एक खोटा आळ आला होता. वर्षभर मी तो पोटात ठेवला आणि मग त्याचं पुरेपूर उट्टं काढलं. तेच सांगायला आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक पट्टा सरकत असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कामगार बायका बसलेल्या असत. कुणी दार बसवी, कुणी कांड्या जोडी. माझी उष्णता आवरणारा स्क्रू जिच्या वाट्याला आला, तिला कडकडून भूक लागली होती आणि जेवणाची घंटा व्हायला पाच मिनिटं होती. तिनं तो एक वेढा कमी आवळला. म्हणून माझं बटण दीडशेवर असतं तेव्हा आत मी पावणेदोनशेला पोचलेला असतो. तपासनीसानं माझ्याकडे धड पाहिलंही नाही. 'उत्तम' असं लिहिलेली चिठ्ठी माझ्या पाठीवर डकवून तो पुढे गेला. त्या बाईला मी कधी नावं ठेवली नाहीत. ती होती म्हणून माझ्यात ही जास्तीची आग आहे, आणि ती पुढे कामाला आली.

दुकानातून मला घरी आणलं ते माझ्या मालकिणीनं. नवीन लग्न झालेलं, दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीशेजारच्या ओट्यावर तिनं मला बसवलं. त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसतं आणि दोन्हीकडचं ऐकू येतं. तिचे पहिले तीन केक मी जाळले. मुद्दाम नाही हो, तिला माझा स्वभाव माहीत नव्हता. चौथ्या वेळी तिनं बटणावरच्या आकड्यांकडे लक्षच दिलं नाही. समोर स्टूल टाकून बसली, काचेतून बघत राहिली, मधूनमधून दारापाशी हात नेऊन धग अजमावत राहिली. तो केक असा फुलला की ती एकटीच हसली. मग तिनं नखांना लावायचा लाल रंग आणला आणि बटणाच्या कडेला बरोब्बर जागी एक ठिपका दिला. तो ठिपका कशाचा हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. मला दुसऱ्या कुणी हात लावला की पदार्थ करपायचा आणि तिनं लावला की जमायचा. आमचं दोघांचं असं गुळपीठ होतं.

बावीस वर्षं मी राबलो. इमारतीतल्या एकूण एक पोराचा वाढदिवस माझ्या पोटातून गेला आहे. पाव, बिस्किटं, केक, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. मालकिणीचा नवरा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर. सकाळी निघताना बिस्किटांचा एक डबा त्याच्या पिशवीत जायचा, त्यातला अर्धा त्याचा कंडक्टर खायचा आणि वर वहिनींना निरोप पाठवायचा की बिस्किटं जरा कमी पडली. कापलेल्या केकच्या कडा ड्रायव्हरला आवडायच्या. उभ्याउभ्या, सुरी पडायच्या आत कडा गायब. लोकांनी कौतुक करावं तर तिचं, पण ती दर वेळी माझ्या माथ्यावर फडकं फिरवत म्हणायची की सगळी याची करामत. तिची आई गेली त्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. मला नुसतं लावलं आणि पुढ्यात स्टूल टाकून बसून राहिली. रिकाम्या पोटी तापण्याचं काम मी तेवढं एकदाच केलं, आणि ते मला अवघड गेलं नाही.

मग तो दिवस आला. ड्रायव्हरनं गाडी शेवटच्या थांब्यावर लावली, सगळे उतारू उतरले आणि तो स्टिअरिंगवरच वाकला. अंगाला दरदरून घाम, डावा हात जड. कंडक्टरनं धावाधाव करून दवाखान्यात नेलं. हृदयाच्या नळीत जाळी बसवली, आठ दिवसांनी घरी सोडलं. डॉक्टरांनी सात गोष्टी सांगितल्या होत्या. विडीकाडी बंद, रोज चालायचं, वेळेवर झोपायचं, जागरणाच्या फेऱ्या कमी, मीठ बेतानं, डोक्याला ताप नको, आणि लोणी, साखर, मैदा टाळायचा. मालकिणीनं सातही गोष्टी कागदावर लिहून भिंतीला लावल्या. पण त्यातली सातवी तेवढी उचलून धरली ती ताईंनी.

या ताई म्हणजे ड्रायव्हरची थोरली बहीण, मालकिणीची नणंद. डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. बत्तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे घरात कुणाला शिंक आली तरी शेवटचा शब्द त्यांचा. भाऊ दवाखान्यातून आला त्या दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"या डब्यानंच माझ्या भावाला दवाखान्यात पोचवलं."

मी डबा! बरं, ते सोडा. बोलणं मला होतं, पण लागायचं होतं दुसरीकडे, हे न कळण्याइतका मी पत्रा नाही. मला तापवलं कोणी? कडा खायला घातल्या कोणी? मालकीण तिथंच ओटा पुसत उभी होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. एवढं तरी म्हणेल की ताई, भिंतीवर सात गोष्टी लिहिल्यात. ती ओटा पुसून झाला होता तरी पुसतच राहिली. कारण तिलाही तसंच वाटायला लागलं होतं, मित्रांनो. आपल्या हातानं आपण नवऱ्याला आजारी पाडलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्या दिवसापासून तिनं मला हात लावला नाही. माझ्या मागची पिनसुद्धा तिनं काढून ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. फक्त इथं चोर कोण हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारपासून ताईंच्या वड्या सुरू झाल्या. चॉकलेट आणि ओट्सच्या वड्या, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक काय, तर त्या भाजाव्या लागत नाहीत. चव कशी झाली हे कुणी विचारायच्या आत ताई सांगायच्या की ओव्हन लागत नाही हो, अजिबात लागत नाही. माझ्या नाकावर टिच्चून सांगायच्या. दर रविवारी, माझ्याच ओट्यावर, माझ्यापासून वीतभर अंतरावर.

कृती मी वर्षभर बघितली आहे, झोपेतही सांगेन. खजूर कोमट पाण्यात भिजवायचा, बिया काढून मिक्सरमध्ये त्याचा गोळा करायचा. साखरेऐवजी तोच. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर दुसरं भांडं बसवायचं आणि त्या वाफेवर काळं, कडवट चॉकलेट वितळवायचं. त्यात दोन मोठे चमचे पीनट बटर, थोडा कोको, चिमूटभर मीठ. मग ओट्स. सगळं कालवून कागद लावलेल्या ट्रेमध्ये ओतायचं आणि वाटीच्या तळानं दाबून दाबून सपाट करायचं. दाबताना हात आखडला तर वडी पुढे भुगा होते. शेवटी दोन तास फ्रिजमध्ये, आणि गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीनं कापणी. लोणी नाही, साखर नाही, मैदा नाही. आता खरं बोलायचं तर त्या वड्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हरला मानवल्या, बिस्किटांची आठवण कमी झाली. तेच तर मला झोंबत होतं. वाईट असत्या तर मी हसून सोडून दिलं असतं.

एक खोट मात्र होती आणि ती मला पहिल्याच रविवारी दिसली. ओट्स कच्चे. चघळताना जरा पिठूळ लागत. मालकिणीच्याही ते लक्षात आलं होतं. पहिल्यांदा तिनं हळूच सुचवलं की ओट्स जरा गरम करून घेऊ या का. ताईंनी तिच्याकडे असं बघितलं की पुन्हा तिनं तोंड उघडलं नाही. तिच्याच स्वयंपाकघरात तिच्या वाट्याला काम काय, तर खजुराच्या बिया काढायच्या आणि मिक्सरचं भांडं विसळायचं. बावीस वर्षं जिच्या हातचं अख्ख्या इमारतीनं खाल्लं, ती बाई स्टुलावर बसून चिकट बोटांनी बिया काढायची आणि ड्रायव्हर बाहेरच्या खोलीत बसून 'छान झाल्यात, ताई' म्हणायचा. म्हणताना तो माझ्याकडे बघायचं टाळायचा. मला वाटलं, आजारी माणूस आहे, जुन्या मोहाची धास्ती वाटत असेल.

आणि माझं काय झालं? माझं कपाट झालं. ताईंनी माझ्या पोटात प्लॅस्टिकचे रिकामे डबे कोंबले, झाकणं कोंबली, एक फुटकी चहागाळणी कोंबली. ज्या पोटातून गरम केक निघायचा त्यातून चहागाळणी निघायला लागली. समोरचा फ्रिज दिवसरात्र गुरगुरायचा, दर रविवारी ट्रे आत गेला की त्याला आणखी चेव यायचा. त्याला दोष देत नाही, तो हुकमाचा ताबेदार. पण ताईंना मी सोडणार नव्हतो. माझ्या दाराला स्प्रिंग आहे. वर्षभरात दोनदा मी त्यांचं बोट दारात पकडलं. त्यांच्या डब्यांना जुन्या तुपट धुराचा वास लावला, तो साबणानंही गेला नाही. एकदा माझा एक स्क्रू मी त्यांच्या झाकणात टाकला, तो त्यांना चावताना सापडला. माझ्या हातात तेवढंच होतं. हे सगळं किरकोळ आहे, खरा वार अजून व्हायचा आहे, हे मला ठाऊक होतं, आणि मी दात-ओठ खात वाट बघत होतो.

वर्ष झालं. ड्रायव्हरच्या तपासण्या चांगल्या आल्या, पुन्हा गाडीवर जायची परवानगी मिळाली. त्या आनंदात रविवारी दुपारी त्याच्या जोडीच्या माणसांना घरी बोलावलं. कंडक्टर, डेपोतले दोघे मेकॅनिक आणि त्यांच्या बायका. ताईंनी आदल्या संध्याकाळीच वड्यांचा दुप्पट मोठा ट्रे लावून ठेवला होता. पण रविवारी सकाळी सरबताच्या बाटल्या आणि कापलेल्या फळांची ताटं आली आणि फ्रिजमध्ये बोट शिरायला जागा राहिली नाही. वड्या तर घट्ट झाल्याच होत्या. बाहेर ठेवाव्या तर भाऊ येताजाता एकेक उचलणार. मग ताईंनी काय केलं? माझ्यातले प्लॅस्टिकचे डबे पाहुण्यांसाठी बाहेर काढले आणि वड्यांचा ट्रे माझ्या पोटात सरकवून दार लावून टाकलं. ज्या घरात ओव्हनचं कपाट झालेलं असतं, त्याच घरात माणूस असली चूक करतो. मालकीण तेव्हा तिथंच ग्लास पुसत होती. तिनं बघितलं.

पाहुणे जमले. बाहेरच्या खोलीत गप्पा रंगल्या. कुणीतरी विचारलं की हल्ली वहिनींचे केक बंद का, आणि ताईंना तेच हवं होतं. त्यांनी सगळं पुराण लावलं. लोणी, साखर, मैदा, बावीस वर्षं, बिचारा भाऊ. आणि शेवटी, सहज सांगावं तसं सांगितलं,

"उद्या सकाळी भंगारवाल्याला बोलावलंय मी. ज्या वस्तूनं माणूस आजारी पडला, ती घरात कशाला ठेवायची?"

मालकिणीला हे कुणीच विचारलं नव्हतं. ती बुटक्या भिंतीच्या अलीकडे उभी राहून ग्लासांत सरबत ओतत होती. तिनं सरबताचा जग खाली ठेवला. तिनं बाहेर नवऱ्याकडे बघितलं. तो हातातल्या ग्लासाकडे बघत होता. खोलीतल्या बायका कसनुशा हसल्या, म्हणजे कुणाला म्हटलंय ते त्यांनाही कळलं होतं.

मालकीण माझ्याजवळ आली. माझं दार तिनं दोन बोटं उघडलं, आत बघितलं, ट्रे दिसला, दार लावलं. मग माझ्या मागे हात घालून पिन शोधली, तिच्यावरची वर्षभराची धूळ रुमालानं पुसली आणि ती भिंतीत खोचली. बटण फिरवलं. लाल ठिपक्याशी ती क्षणभर थांबली. मी म्हटलं, आता थांबू नकोस. आणि ती थांबली नाही. तिनं बटण पार शेवटपर्यंत नेलं, जिथं तिनं बावीस वर्षांत कधी नेलं नव्हतं. मग शांतपणे पाहुण्यांना सरबत द्यायला गेली.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा अर्धा तास. त्या कारखान्यातल्या भुकेल्या बाईनं सैल सोडलेला तो एक वेढा मी सगळाच्या सगळा वसूल केला. आधी वड्यांची चकाकी गेली. मग कडा ढिल्या झाल्या आणि वर्षभर दाबून दाबून सपाट केलेला तो गर्व बुडबुडायला लागला. 'भाजावं लागत नाही' म्हणता काय? घ्या, भाजतो. खजूर करपला. कागदाच्या कडा काळ्या पडल्या. चॉकलेट ट्रेवरून ओघळून माझ्या तळावर पडलं आणि धूर झाला. तो मी दाराच्या फटीतून मोठ्या प्रेमानं बाहेर सोडला.

वास पोचताच ताई धावत आल्या. मागोमाग सगळे पाहुणे भिंतीपाशी येऊन उभे राहिले. ताईंनी विचारलं की हा लावला कुणी. मालकीण म्हणाली, मी. आत ट्रे आहे हे माहीत होतं का? होतं. मालकिणीच्या आवाजात काडीचा कंप नव्हता. ताईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या पाहुण्यांकडे वळल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या की बघा, अजून याचं समाधान झालेलं नाही, एकदा माझ्या भावाचा घास घ्यायला निघालाच होता.

तेव्हा कंडक्टर बोलला. कंडक्टर म्हणजे भला माणूस, गाडीत दोन उतारू भांडले की विनोद करून मिटवायची सवय. इथंही त्यानं तेच केलं.

"जाऊ द्या हो ताई, त्या ओव्हनला कशाला बोल लावता? त्या दिवशी यानं डेपोतून फोन तर तुम्हालाच केला होता, छातीत आवळतंय म्हणून. तुम्हीच म्हणालात ना, गॅस असेल, सोडा पी आणि जा. सोडा तर मीच आणून दिला."

तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही. त्याच्या लक्षात आलं की आपण काहीतरी भलतंच बोललो, आणि तो मिशा चाचपायला लागला.

ताई तिथल्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं गॅसच असेल, एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. आता कळलं ना, मित्रांनो? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आपलं चुकलं हे त्यांना पहिल्या दिवसापासून टोचत होतं, आणि ते टोचणं कुठंतरी उतरवायला त्यांना एक डोकं हवं होतं. माझं सापडलं. माझ्या आडून तिचं सापडलं. मी अगदी मनसोक्त खूश झालो. डाव साधला होता, शत्रू स्टुलावर बसून पदरानं नाक पुसत होता. आणखी काय हवं?

पण मालकीण ताईंकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. फोनला दोन टोकं असतात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या आलं. ताईंनी ते लपवलं, ठीक आहे. पण फोन ज्यानं केला त्यालाही सगळं ठाऊक होतं. वर्षभर. दर रविवारी ती बिया काढत बसायची तेव्हाही, आणि भंगारवाल्याचं नाव निघालं तेव्हाही. तो माझ्याकडे का बघत नव्हता, ते मला आत्ता कळलं, आणि माझा सगळा राग ताईंना सोडून त्याच्याकडे वळला.

तिनं मला बंद केलं. जाड फडकं घेऊन ट्रे बाहेर काढला, धूर जाऊ दिला, सुरी गरम पाण्यात बुडवली आणि त्या काळ्या वड्या नीट चौकोनी कापल्या. पाहुण्यांसाठी काढलेल्या चांगल्या ताटलीत त्या मांडल्या. मग बाहेरच्या खोलीत जाऊन ती ताटली नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या. लोणी नाही, साखर नाही, मैदा नाही. तुमच्या बहिणीनं केल्या, मी जाळल्या."

त्यानं एक उचलली. खाल्ली. ती कडू असणार, मीच केली होती तशी. तो चावत राहिला, गिळून टाकली, आणि खाली बघत म्हणाला,

"ताईला बोल लागला असता."

"म्हणून मला लागू दिलात."

तिनं ताटली सगळ्यांपुढे फिरवली, आणि नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दोन्ही मेकॅनिकांनी खाल्ली, त्यांच्या बायकांनी खाल्ली. ताईंपुढे ताटली आली तेव्हा मालकीण जरा जास्त वेळ उभी राहिली, त्यांनीही घेतली. कंडक्टरनं तोंड वाकडं करत खाल्ली आणि त्याच्यानं राहवलं नाही म्हणून पुटपुटला की कडू आहेत, पण ओट्स मात्र आज खमंग लागतायत. त्या माणसाचे मी उपकार मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला आला. मालकिणीनं त्याला दारातूनच विचारलं की तुला कुणी बोलावलं, आणि परत पाठवलं. पुढच्या रविवारी ताई आल्या. मालकिणीनं त्यांना बाहेरच्या खोलीत पाणी दिलं आणि तासभर तसंच बसवून ठेवलं. एरवी त्या तरातरा आत यायच्या, त्या दिवशी हाकेची वाट बघत बसल्या. मग मालकिणीनं मला लावलं, ठिपक्याच्या बरंच अलीकडे, मंद. ओट्स ताटात पसरले आणि दहा मिनिटं माझ्या पोटात ठेवले. वड्या त्याच, खजूर तोच, लोणी-साखर अजूनही नाही, कारण नवऱ्याचं हृदय काही कुणाच्या भांडणानं बरं होत नाही. पण कच्चेपणा गेला. ते सगळं जमल्यावर तिनं ताईंना आत बोलावलं आणि खजुराचं वाडगं त्यांच्या हातात दिलं. बिया काढायला. ताईंनी काढल्या. मी काचेतून बघत होतो, आणि माझं पोट भरलं.

ड्रायव्हरचा हिशेब मात्र बाकी होता. त्या दिवशी ओघळलेलं चॉकलेट माझ्या तळाला जळून दगड झालं होतं. मालकिणीनं ते घासलं नाही आणि कुणाला घासूही दिलं नाही. नवऱ्यासमोर तारेची घासणी ठेवली आणि म्हणाली की गाडीवर जायच्या आधी हे निघालं पाहिजे. तीन संध्याकाळी तो मला खाली जमिनीवर घेऊन गुडघे टेकून बसला. तीस वर्षं मोठी गाडी वळवणारा माणूस, डोकं माझ्या पोटात घालून, काळ्या बोटांनी खरवडत होता. मी जळका तळ सुखासुखी सोडणार नव्हतो, नखाएवढा तुकडा निघायला दहा मिनिटं लावली. तिसऱ्या संध्याकाळी, डोकं आत असतानाच, तो हळूच बोलला. चुकलं माझं, म्हणाला.

मी ऐकलं. मी काय करणार होतो ते ऐकून? मालकीण दाराशी उभी होती.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "आत बोललेलं बाहेर ऐकू येत नाही."

त्यानं डोकं बाहेर काढलं. कपाळाला काजळी, डोळ्यांत पाणी, गुडघे जमिनीवरच. तिच्याकडे बघून त्यानं तेच मोठ्यानं म्हटलं, पुरतं, सगळ्या वर्षाचं. ती ऐकत उभी राहिली. मग वाकून तिनं माझ्या आत बघितलं.

"डावा कोपरा राहिलाय," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा असेल. त्याला पुसत जा, त्याच्या पोटात चहागाळण्या कोंबू नका, आणि घरात काही बिघडलं की त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नका. तिनं त्याला माफ केलं की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्यानं डोकं पुन्हा आत घातलं आणि डावा कोपरा घासायला घेतला.